बॅटरी कमजोर झाली, म्हणून नवी मिळेलच असं नाही

२०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात निसान लीफ गाड्यांच्या डॅशबोर्डवरून एकेक पट्टी गायब व्हायला लागली. लीफ बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी दोन-तीन गेल्या, तसे मालक शोरूममध्ये पोचले. बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी होती, म्हणजे नवी मिळणारच असा त्यांचा हिशेब होता. पण वॉरंटीच्या पुस्तिकेत दुसरंच छापलेलं होतं: वापराने हळूहळू घटणारी क्षमता या वॉरंटीत येत नाही.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. ‘बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी’ या एका वाक्यात दोन वेगळ्या हमी असू शकतात. सेल बिघडला, मॉड्यूल बंद पडलं, तर तो दोष. सगळं चालू आहे, पण पूर्वीइतकी वीज मावत नाही, ती क्षमतेतली घट. दोषाची हमी जवळपास सगळेच देतात. क्षमतेची हमी वेगळी लिहिलेली असावी लागते, आणि ती ठरावीक आकड्यापाशीच लागू होते. लीफच्या त्या पहिल्या गाड्यांना ती नव्हतीच.

निसानने फिनिक्समधल्या सात गाड्या अ‍ॅरिझोनातल्याच आपल्या कासा ग्रांदे इथल्या केंद्रात नेऊन तपासल्या आणि तिथला उन्हाळा व वापर पाहता बॅटऱ्या अपेक्षेप्रमाणेच आहेत, असा निष्कर्ष काढला. लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती, आणि लिथियम-आयन सेल उष्णतेत लवकर झिजतात. मालक कोर्टात गेले. पुढे समझोत्याचा मसुदा आला, तेव्हा त्याला आक्षेप घेणाऱ्यांत अलेक्स कोझिन्स्की होते. ते स्वतः लीफचे मालक आणि त्या वेळी अमेरिकेच्या एका वरिष्ठ अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. त्याआधी, डिसेंबर २०१२ मध्येच, निसानने नवी हमी जाहीर केली होती: ५ वर्षं किंवा ६० हजार मैलांच्या आत पट्ट्या नऊच्या खाली गेल्या, तर बॅटरी दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. आधी विकलेल्या गाड्यांनाही ती लागू केली. मालक चिकाटीने मागे लागले नसते, तर ही हमी आली असती असं वाटत नाही.

नऊ पट्ट्या म्हणजे बारातल्या नऊ, म्हणजे ७५ टक्के, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. पहिली पट्टी जाते ती सुमारे १५ टक्के क्षमता गेल्यावर. पुढची प्रत्येक साधारण सव्वासहा टक्क्यांना. हमी लागू व्हायला चौथी पट्टी जावी लागे, म्हणजे क्षमता ६६ टक्क्यांच्या आसपास यावी लागे. ज्याच्या गाडीची चौथी पट्टी एकसष्टाव्या महिन्यात गेली, त्याच्या हातात काही उरलं नाही.

आता अनेक कंपन्या हा आकडा टक्क्यांतच लिहितात, आणि बहुतेक ठिकाणी तो ७० असतो. टेस्लाची हमी ८ वर्षं आणि ७० टक्क्यांची आहे. मैलांची मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०२२ साली ठरलेल्या जागतिक नियमाने किमान पातळी सुचवली: ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के. याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे. नवी असताना खरोखर ३०० किलोमीटर जाणारी गाडी सातव्या वर्षी २१५ वर आली, तरी कंपनीच्या लेखी बॅटरी ठीकच असते.

त्यातही ‘खरोखर’ हा भाग महत्त्वाचा. जाहिरातीतली रेंज आणि बॅटरीची तब्येत यांची गल्लत फार होते. टाटा नेक्सॉन ईव्हीच्या बाबतीत ती दिल्लीत सरकारी पातळीपर्यंत गेली. पुण्याच्या एआरएआयने प्रमाणित केलेली त्या गाडीची रेंज ३१२ किलोमीटर होती. तेवढी मिळत नाही, अशी तक्रार आल्यावर मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने तिचं अनुदान थांबवलं, आणि कंपनी उच्च न्यायालयात गेली. प्रमाणपत्राची चाचणी ठरलेल्या वेगांच्या क्रमाने घेतली जाते. एक्सप्रेस वेवर शंभरच्या वेगाने, एसी लावून, घाट चढणाऱ्या गाडीला तो आकडा गाठता येत नाही. गाडी पहिल्या दिवसापासूनच ३१२ ऐवजी २२० जात असेल, तर ते बॅटरी कमजोर झाल्याचं लक्षण नव्हे. बॅटरीची तब्येत मोजायची ती किलोवॅट-तासात: नवी असताना किती वीज मावत होती आणि आज किती मावते. सर्व्हिस सेंटरच्या भाषेत एसओएच. तोच आकडा मागावा.

हा आकडाही डोळे झाकून मानायचा नाही. २०१८ साली न्यूझीलंडमध्ये मालकांनी जमवलेल्या नोंदींवरून ३० किलोवॅट-तासांच्या लीफ जुन्या २४ वाल्यांपेक्षा फार वेगाने झिजताना दिसल्या. खळबळ उडाली. निसानने तपासून सांगितलं की बॅटरीची क्षमता मोजणारं सॉफ्टवेअरच चुकीचं दाखवत आहे, आणि त्याचं अपडेट दिलं. उलटा प्रकारही होतो: जुनी लीफ विकताना मोजणी रीसेट करून पट्ट्या पूर्ण दाखवतात आणि काही दिवस चालवल्यावर त्या पुन्हा उतरतात. म्हणून स्क्रीनवरचा आकडा आणि पूर्ण चार्ज ते जवळपास रिकामी या प्रवासात प्रत्यक्ष वापरलेली वीज, दोन्ही ताडून पाहावेत.

गाडी अजिबात सुरूच झाली नाही, तर मोठ्या बॅटरीला दोष देण्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासावी. तिची वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी मुदतीची असते.

समजा दावा मंजूर झाला. तरी खोक्यातून नवी कोरी बॅटरीच निघेल, असं नाही. वॉरंटीत ‘दुरुस्ती किंवा बदल’ लिहिलेलं असतं, आणि काय करायचं ते कंपनी ठरवते. एखादं मॉड्यूल बदलूनही भागवता येतं. टेस्लाच्या अटींप्रमाणे बदली बॅटरीची क्षमता किमान मूळ बॅटरीच्या बिघाडापूर्वीच्या क्षमतेइतकी, गाडीचं वय आणि किलोमीटर धरून, असली की पुरे. वॉरंटीची मुदतही सहसा नव्याने सुरू होत नाही. मूळ मुदतीतले उरलेले महिनेच मिळतात. शेव्हर्ले बोल्टच्या मालकांना बदललेल्या बॅटरीवर नवी ८ वर्षं मिळाली, हे खरं. पण ते आगीच्या धोक्यामुळे २०२१ मध्ये झालेलं रिकॉल होतं. त्याचा दाखला क्षमता घटल्याच्या दाव्यात चालत नाही.

आपल्याकडे आता आजीवन हमीची चढाओढ आहे. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांना ती दिली, पण पहिल्या मालकापुरती. दुसऱ्या मालकाला १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर. टाटाच्या हॅरियर ईव्हीची आजीवन हमी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांची आहे. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना आरसीवरच्या मालकांची संख्या म्हणूनच एवढी महत्त्वाची. नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा पाहून फिनिक्स आठवणं साहजिक आहे, पण नेक्सॉनची बॅटरी द्रवाने थंड होते, त्यामुळे लीफचा अनुभव तिला जसाच्या तसा लावता येत नाही. पुराचं पाणी बॅटरीत शिरलं, तर मात्र वॉरंटीकडे पाहू नये. तो विम्याचा विषय आहे.

दावा टिकतो तो कागदावर. प्रत्येक सर्व्हिसला एसओएचचा अहवाल छापून घ्यावा. रेंज घटल्याची तक्रार तोंडी न सांगता जॉब कार्डवर, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्यावी. मुदत संपायला सहा-आठ महिने असताना एक तपासणी आवर्जून करून घ्यावी, कारण मुदतीत नोंदलेली तक्रार आणि मुदतीनंतरची तक्रार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नकार मिळाला, तर तोही कारणासह लेखी मागावा.

त्यापुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि २०१९ च्या कायद्याने ती ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. तशी मागणी तक्रारअर्जातच स्पष्ट लिहावी, म्हणजे बॅटरीचं मोजमाप फक्त कंपनीच्या हातात राहत नाही.