पोटातली गोष्ट

मराठी माणूस गुपित पोटात ठेवतो, दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो आणि भीतीचा गोळाही त्याच्या पोटातच उठतो. वर्गात हे वाक्प्रचार शिकवताना मी रंगून जात असे. चार वर्षांपूर्वी मात्र माझ्याच पोटाने तोंड उघडले आणि मी गप्प झालो. दिवसातून आठ-दहा वेळा धावाधाव, शौचावाटे रक्त, उतरत चाललेले वजन. दुर्बिणीने तपासणी झाली आणि निदान निघाले : अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याचा जुनाट दाह. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी सहकाऱ्यांसह वर्णिलेला विकार याचाच भाऊबंद. दोन्हींत शरीराची संरक्षक फौज आपल्याच आतड्यावर उलटते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य मात्र मी स्वतःच ठरवले. 'हलके' म्हणून पाव, बिस्किटे आणि पाकिटातल्या शेवया! भाकरी, डाळ, भाजी, सारे बंद. रक्त थांबले, पण अंगात त्राण येईना.

त्या दिवाळीत तिसगावला आत्याकडे गेलो. नगर-पाथर्डी रस्त्यावरचे हे आमचे गाव. मढीच्या यात्रेला जाणारी मंडळी येथूनच पुढे जातात. माझी बिस्किटे पाहून आत्या म्हणाली, "हे का जेवण म्हणायचं, बाळा?" तिने ज्वारीची मऊ भाकरी ताकात कुस्करली, मुगाचे वरण आणि शिजवलेला दुधी वाढला. महिन्याभरात मी माणसांत आलो. आत्याने गावभर सांगितले, "माझ्या भाकरीनं पोरगं बरं केलं." मलाही ते खरे वाटले, आणि कोणाला न विचारता मी गोळ्या सोडल्या.

संक्रांतीला रक्त पुन्हा दिसले. विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे दाहाचे माप सांगणारा पदार्थ, भलताच वाढला होता. आत्या रडू लागली. "माझ्या भाकरीनंच घात केला का रे?"

"नाही आत्या, माझ्या शहाणपणाने केला."

भाकरीचा दोष नव्हताच. धान्य-भाज्यांतील चोथ्यावर आतड्यातले उपकारक जंतू जगतात आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्ले तयार करतात. उलट कारखान्यातल्या खाद्यांत घालतात त्यांपैकी काही मिश्रणकारक पदार्थांनी उंदरांच्या आतड्यावरचा संरक्षक थर बिघडतो, असे प्रयोगांत दिसले. २०२१ साली भारतासह २१ देशांतील १,१६,०८७ प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. असे पदार्थ दिवसाला पाच किंवा अधिक वेळा खाणाऱ्यांत हे विकार, दिवसाला एकापेक्षाही कमी वेळा खाणाऱ्यांच्या मानाने, पावणेदोन पटींहून अधिक आढळले. हा संबंध आहे. कारण सिद्ध झाले असे नव्हे. शिवाय रोग उसळलेला असताना किंवा आतडे अरुंद झाले असताना चोथाही बाधतो, तेव्हा ताट वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे. चांगले अन्न औषधाचे सोबती आहे, त्याची जागा घेणारे नव्हे.

आता माझे पोट शांत आहे. दिवाळीला तिसगावी गेलो, की आत्या पाट मांडते, पाणी ठेवते आणि विचारते, "गोळी घेतलीस?"

होय म्हटल्यावरच भाकरी ताटात पडते. चकलीही मिळते, पण एकच!