कैद्याचा संसार

तुरुंगांतून सुटलेला मनुष्य पुन्हां तुरुंगांतच कां जातो, या प्रश्नास घरीं बसून आपण एक ठरलेलें उत्तर देतों : त्याचा स्वभावच तसा! शिक्षा भोगून तो परततो तेव्हां त्याच्या घराचें काय उरलेलें असतें, हें मात्र क्वचितच कोणी पाहतो.

औंध संस्थानानें तें पाहिलें. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला, त्याच सालीं माणदेशांतील आटपाडीजवळच्या कोरड्या माळावर ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची वसाहत निघाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडांत जन्मलेल्या इंजिनिअरची. गंभीर गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेले कैदी तेथें ठेवले, पण भोंवतीं तट घातला नाहीं. त्यांनीं शेती करावयाची आणि बायकामुलांसह राहावयाचें.

या शेवटच्या गोष्टींतच सारें मर्म आहे. नेहमींची शिक्षा कोंडते एकाला आणि मोडते सारें घर. कित्येक वर्षांनीं तो येतो, तों जमीन भाऊबंदांकडे गेलेली, पत्नी माहेरीं, मुलें बापास न ओळखणारीं. गांवांत काम कोणी देत नाहीं. हांक मारतो तो जुना सोबतीच. स्वतंत्रपुरांत हा धागा तुटूंच दिला नाहीं. सायंकाळीं चूल पेटते, पोर हट्ट धरतें, बायको पिठाचा हिशेब विचारते. बंदूकवाल्या शिपायाहून हा पहारा कडक!

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटामुळें हा प्रयोग सर्वतोमुखीं झाला. कथा ग. दि. माडगूळकरांची; त्यांचें माडगुळें आटपाडीच्याच परिसरांतलें. चित्रपट उत्तम, यांत शंका नाहीं. तथापि त्यांतला सारा भर तुरुंगाधिकाऱ्याच्या तपश्चर्येवर आहे, संसार बाजूला पडला आहे, ही चुटपुट मला लागून राहते.

औंध संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. वसाहत सरकारी तुरुंगखात्याकडे जाऊन टिकली. परंतु अशी जागा मिळते ती चांगल्या वर्तनाच्या निवडक शिक्षाबंद्यांना, आणि तीहि फार थोड्यांना. महाराष्ट्राच्या तुरुंगांतले बहुसंख्य लोक तर खटल्याचा निकाल लागण्यापूर्वींच कोंडलेले असतात. त्यांना ही सोय लागूच नाहीं. घर मोडण्यास मात्र निकालाची वाट पाहावी लागत नाहीं.

असा एखादा सुटलेला मनुष्य बागकाम मागावयास आपल्या दारीं आला तर, असें परवां जेवतांना मीं घरीं विचारलें. मामंजी कांहीं बोलले नाहींत. सासूबाई वाढतां वाढतां थांबल्या व म्हणाल्या, “त्याचीं बायकामुलें कुठें असतात, तें आधीं विचार.”