नाग नदीच्या उलट दिशेने

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून माझा मामेभाऊ आला होता. परतीची गाडी दुपारची. "संत्री झाली, तर्री-पोहे झाले, आता तुमच्या नागपुरात पाहण्यासारखं आहे तरी काय?" असे त्याने विचारले, तेव्हा जन्मापासून येथे राहणारा मी निरुत्तर झालो. भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात. वर्षातील मोजक्याच दिवशी तो लोकांना खुला होतो. मग हे शहर दाखवावे कसे? विचार केला, नाग नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. आपण तिच्या उलट दिशेने जाऊ. सकाळी सातला स्कूटर काढली.

पहिला मुक्काम महाल. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून हे नगर वसवले. पुढे चांद सुलतानाने येथे राजधानी आणली, तट घातला आणि तलाव बांधला. तटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे. तलावही आधी जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून शुक्रवारी तलाव, आणि आता गांधीसागर. नावे बदलली, पाणी तेच राहिले.

तेथून सीताबर्डी. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांची फौज येथे इंग्रजांशी लढली आणि हरली. टेकडी खालूनच पाहिली व महाराजबागेत शिरलो. ही भोसल्यांची बाग. १८९४ पासून येथे प्राणिसंग्रहालय आहे. बाग आता कृषी विद्यापीठाकडे आहे. एके काळी राजाच्या फेरफटक्यासाठी असलेल्या जागेत आज कोणाचीही पोरे वाघ पाहायला येतात. जवळच १८६३ साली स्थापन झालेला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. ते सोमवारी बंद असते, आणि आमचा नेमका सोमवार! बाहेरूनच नमस्कार केला.

पुढे तेलंगखेडी. येथे तलाव, बाग आणि शिवमंदिर, तिन्ही भोसलेकालीन. तलावाला आपण फुटाळा म्हणतो. "जिथे बाग तिथे तलाव, हे कसं?" भावाने विचारले. उत्तर आपल्या हवामानात आहे. विदर्भात पाऊस चार महिन्यांचा आणि मे महिन्याचा पारा पंचेचाळीसपर्यंत. पावसाळ्यातले पाणी बांध घालून अडवले नाही, तर उन्हाळ्यात झाड जगायचे नाही. म्हणून आधी तलाव, मग बाग.

शेवटी अंबाझरी. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून येणारी नाग नदी येथे अडवलेली आहे. एके काळी शहराला पाणी येथूनच मिळे. बांधावर उभे राहून मी त्याला २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट सांगितली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, तलाव ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली. आमचे घर नदीपासून दोनच गल्ल्यांवर. खाटेवर उभे राहून आम्ही आजोबांच्या वह्या वर उचलत होतो, निम्म्या भिजल्याच. तोपर्यंत नाग नदीला मी नाला म्हणत असे. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले, तिची ओळख मला पाणी घरात आल्यावर झाली.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे सकाळीच का नाही सांगितलंस?" सकाळी ते मलाही नीट कळले नव्हते. आपला वारसा दगडी इमारतींपेक्षा पाण्यात अधिक आहे. राजवाडा जळाला तरी शहर चालले. पण तलाव बुजले, नदीचे पात्र आवळले, तर ते त्याच दिवशी आपल्या उंबरठ्यावर कळते.

बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मित्रमैत्रिणींनी एखाद्या रविवारी हा मार्ग अवश्य धरावा. आणि नागपूरकरांनी तर आधी.