काळ्या मातीत पाया भरताना

भोकरच्या जुन्या वस्तीत पाया खोदायचा म्हटलं की गुत्तेदार आधी नळाची लाईन कुठून गेली ते विचारतो. नकाशा सहसा नसतोच. शेजाऱ्यांना विचारून फक्कीच्या दोन रेघा मारतात; त्यांच्या आत जेसीबीला मज्जाव.

मी पाहिलं ते काम ऐन मे महिन्यातलं. वरच्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. कमरेइतकं खोल गेल्यावर मात्र एका कोपऱ्यात माती गडद झाली. मिस्त्रीनं ढेकूळ तळहातावर चोळलं. ते चुरा न होता वातीसारखं वळलं. "लाईन गळायली कुठंतरी," तो म्हणाला. पहार बाजूला पडली, खुरपं आलं. पाईपच्या जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्याखालून पाझर चालू होता.

काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाण्यानं फुगतं, सुकलं की आकसतं. सगळी जमीन सारखी वर-खाली झाली तर घर एक वेळ निभावून नेतं. एक कोपरा भिजलेला आणि दुसरा कोरडा राहिला, की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. शिवाय जमीन हलली की पाईपचा जोड सुटतो, आणि जोड सुटला की जमीन आणखी हलते.

म्हणून आधी जोड बदलला, मग खोदाई मुरुमापर्यंत नेली. शेजारच्या पायाहून आपला पाया खोल असेल, तर चिकण मातीत खोलीतल्या फरकाच्या दुप्पट आडवं अंतर सोडावं, असं आयएस १९०४ हे भारतीय मानक सांगतं. गल्लीत तेवढी जागा कुठली! मग खड्डे एकाआड एक घेतले आणि तळ उघडा न ठेवता लगेच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, केलं. भराव काळ्या मातीचा नाही, मुरुमाचा; पातळ थर, पाणी आणि धुम्मस.

मुरूम फार खोल असेल तिथं रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं रुळवलेले, तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाईल घालतात. खोली किमान साडेतीन मीटर, कारण ऋतूप्रमाणे ओल बदलते ती वरच्या थरात.

सळई किती मिलिमीटरची, यावर घरमालक तासभर घासाघीस करतात. शोषखड्डा पायापासून किती लांब, हे क्वचितच कुणी विचारतं. काळ्या मातीत घराचं आयुष्य बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.