पराभव परवडतो कोणाला?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलचे दोन नामवंत संघ आपापल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात सपाटून हरले. अलाबामाचा जॉर्जियाने २८-७ असा पराभव केला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला टेक्सास टेकने ३४-७ असे नमविले. अलाबामाचा हा हंगामातील तिसरा पराभव होता. ब्रिगहॅम यंगचा दुसरा, आणि ते दोन्ही पराभव एकट्या टेक्सास टेककडून झालेले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीसाठी बारा संघांची यादी जाहीर झाली. तीत तीनदा हरलेल्या अलाबामाला नववे स्थान मिळाले. दोनदाच हरलेल्या ब्रिगहॅम यंगला जागाच मिळाली नाही.

या निवाड्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अलाबामाचे प्रतिस्पर्धी एकंदरीत अधिक तगडे होते, आणि नियमित हंगामात त्याच अलाबामाने जॉर्जियाला तिच्याच मैदानावर हरविले होते. तथापि प्रश्न एका निवाड्याचा नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील बड्या विद्यापीठांनी आपल्या जुन्या कॉन्फरन्स सोडून नव्या धरण्याचा जो सपाटा लावला, त्यातून बाद फेरीच्या संधीचे वाटप कसे बदलले, हा खरा प्रश्न आहे. पर्ड्यू, अ‍ॅरिझोना स्टेट ही नावे आज महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या उच्च शिक्षणामुळे परिचित झाली आहेत. त्या विद्यापीठांच्या क्रीडांगणावर जे घडते आहे, त्यात अर्थशास्त्राचा एक जुना धडा दडलेला आहे.

शेजार आणि संधी

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ येतो त्याहून हा निराळा. लंबगोल चेंडू हाती घेऊन खेळावयाचा, अंगावर येणारा, आणि तिकडे अफाट लोकप्रिय असा हा खेळ आहे. त्याच्या सर्वोच्च श्रेणीत १३० हून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात साधारणपणे बारा नियमित सामने खेळतो. तेव्हा प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळून श्रेष्ठत्व ठरविणे शक्यच नाही. म्हणून शेजारपाजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन आपापली मंडळे स्थापन केली. त्यांनाच कॉन्फरन्स म्हणतात. ‘बिग टेन’ची परंपरा १८९६ पर्यंत मागे जाते, तर पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्सची १९१५ पर्यंत. राष्ट्रीय विजेता ठरविण्यासाठी २०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली आणि २०२४ पासून ती बारा संघांची झाली. २०२४ व २०२५ या हंगामांतील नियम असा होता की, निवड समितीच्या क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच कॉन्फरन्स-विजेत्यांना हक्काची जागा मिळावी आणि उरलेल्या सात जागा क्रमवारीनुसार भराव्यात.

अशा रचनेत शेजाराला किती महत्त्व असते, हे आपल्या रणजी करंडकाच्या जुन्या विभागीय पद्धतीवरून चटकन ध्यानी येईल. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे संघ होते. विभागातून एकच संघ पुढे जाई तोवर मुंबईचा शेजार हेच महाराष्ट्राचे दुर्दैव होते. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने थेट अंतिम सामन्यात मुंबईची गाठ घेतली. शेजार तोच होता. बदलला होता तो नियम. अमेरिकेत फरक इतकाच की, तेथे शेजार बदलून घेता येतो, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

दूरचित्रवाणीची ओढ

ही किंमत कशी ठरू लागली? १९८४ पर्यंत विद्यापीठीय फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर राष्ट्रीय क्रीडा संघटनेचे, म्हणजे एन.सी.ए.ए.चे, नियंत्रण होते. किती सामने दाखवावयाचे आणि एका संघाने किती वेळा दिसावयाचे, हे ती ठरवीत असे. ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने निकाल देताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ही पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरविली. बहुमताशी असहमत असलेल्या दोघांपैकी न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. एक मक्तेदारी मोडली. परंतु तिच्या जागी मोकळी स्पर्धा आली असे म्हणता येणार नाही. प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्सच्या नावे विकले जाऊ लागले आणि ज्या कॉन्फरन्समध्ये अधिक प्रेक्षक खेचणारी विद्यापीठे, तिचा भाव अधिक, हे समीकरण रूढ झाले.

त्याचे फळ आपल्यासमोर आहे. जुलै २०२१ मध्ये टेक्सास व ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह सोडून साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये जाण्याचे ठरविले. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे बिग टेनकडे वळली. त्याच वर्षी बिग टेनने सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक मोबदल्याचे प्रक्षेपण-करार केले. २०२३ च्या उन्हाळ्यात ऑरेगन व वॉशिंग्टन यांनीही तोच मार्ग धरला; कोलोरॅडो, युटा आणि अ‍ॅरिझोनातील दोन विद्यापीठे बिग ट्वेल्व्हमध्ये गेली; तर पॅसिफिकच्या काठावरील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया ही विद्यापीठे चक्क ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्सची सभासद झाली. २०२४ च्या हंगामात बिग टेनमध्ये अठरा संघ होते. नाव आणि भूगोल या दोहोंनाही मग अर्थ उरला नाही.

चौसष्ट विजय, चौसष्ट पराभव

पैसा वाढला, हे खरेच. पण बाद फेरीची संधी वाढली काय? येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. साउथईस्टर्नमध्ये २०२४ व २०२५ साली सोळा संघ होते आणि प्रत्येक संघ कॉन्फरन्सअंतर्गत आठ सामने खेळे. म्हणजे एकूण सामने चौसष्ट; विजय चौसष्ट आणि पराभवही चौसष्टच. संघ कितीही बलाढ्य आणा, ही बेरीज बदलत नाही. सोळा पहिलवान एका आखाड्यात उतरविले तरी प्रत्येक कुस्तीत एकाची पाठ मातीला लागणारच. नव्याने आलेला प्रत्येक तुल्यबल संघ सभासदांचे उत्पन्न वाढवितो आणि त्याच वेळी त्यांच्या खाती एखाद्या पराभवाची भर घालतो.

ओक्लाहोमाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. चार संघांच्या बाद फेरीच्या काळात या संघाने २०१५, २०१७, २०१८ आणि २०१९ अशी चार वेळा तेथवर मजल मारली, आणि चारही वेळा बिग ट्वेल्व्हचा विजेता म्हणून. साउथईस्टर्नमधील पहिल्या हंगामात मात्र आठांपैकी केवळ दोन सामने त्याला जिंकता आले. दुसऱ्या हंगामात, २०२५ मध्ये, तो कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही नव्हता. तरीही बाद फेरीत त्याला आठवे स्थान मिळाले. पूर्वी विजेतेपदाने जे मिळत होते, ते आता सभासदत्व आणि दहा विजय यांच्या बळावर मिळाले.

फेरमांडणीचे मर्म नेमके येथे आहे. मोठ्या कॉन्फरन्समध्ये जाणारा संघ विजय विकत घेत नाही. तो पराभवाची सवलत विकत घेतो. ओहायो स्टेट २०२४ मध्ये दोनदा हरला, बिग टेनमध्ये चौथा आला आणि अखेर जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. उलट फ्लोरिडा स्टेटने २०२३ मध्ये तेराच्या तेरा सामने जिंकून अटलांटिक कोस्टचे विजेतेपद मिळविले, तरी चार संघांत त्याची निवड झाली नाही. त्याचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला होता, हे कारण पुढे करण्यात आले, आणि एकदा हरलेला साउथईस्टर्नचा विजेता अलाबामा आत गेला. अर्थात सवलतीलाही सीमा आहे. २०२४ मध्ये नऊ विजय व तीन पराभव असलेल्या त्याच अलाबामाला बाहेर बसावे लागले. परंतु एकूण हिशेब पाहिला तर बारा जागांपैकी बिग टेन आणि साउथईस्टर्न यांच्याकडे २०२४ मध्ये सात आणि २०२५ मध्ये आठ जागा गेल्या. बारा संघांच्या बाद फेरीने दार रुंद केले; आत जाणारी रांग मात्र बहुतांशी त्याच दोन घरांतून येते.

ज्यांच्यापाशी पैसा होता, अशा काही लहानांनाही हा सौदा फळला. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने अटलांटिक कोस्टमध्ये प्रवेश मिळावा म्हणून नऊ वर्षे दूरचित्रवाणीच्या उत्पन्नातील वाट्यावर पाणी सोडले. पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, ते कॉन्फरन्समधील आठही सामने जिंकून अंतिम सामन्यात पोहोचले, तेथे क्लेमसनकडून हरले आणि तरीही बाद फेरीत अकरावे स्थान मिळवून गेले. जुन्या, दुय्यम गणल्या जाणाऱ्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात ते हरले असते, तर त्याच दिवशी त्यांचा हंगाम संपला असता. त्यांनी काय विकत घेतले, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मोठेपणाचा घोळ

आकार वाढला की आणखी एक दोष शिरतो. २०११ ते २०२२ या काळात बिग ट्वेल्व्हमध्ये दहाच संघ होते आणि प्रत्येक जण उरलेल्या नवांशी खेळे. क्रमवारीला त्यामुळे काही अर्थ होता. सतरा संघ आणि आठ सामने अशी रचना झाली की निम्म्या संघांशी गाठच पडत नाही. अटलांटिक कोस्टमध्ये २०२५ साली व्हर्जिनिया पहिला आला आणि दुसऱ्या स्थानावर पाच संघ सहा विजय व दोन पराभव अशा समान स्थितीत उभे राहिले. प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीची तुलना करून अंतिम सामन्याची जागा ड्यूकला देण्यात आली. एकंदर हंगामात पाच पराभव पत्करलेल्या ड्यूकने तो सामना जिंकला. परंतु विजेता असूनही क्रमवारीत खाली असल्यामुळे त्याला बाद फेरीत स्थान मिळाले नाही. हक्काच्या जागा ट्युलेन व जेम्स मॅडिसन या दोन लहान कॉन्फरन्सच्या विजेत्यांकडेही गेल्या. त्याच पाचांतील मायामीला मात्र क्रमवारीच्या आधारे दहावे स्थान मिळाले, आणि आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात न खेळलेला हा संघ जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यात इंडियानाशी खेळला. कॉन्फरन्सचे विजेतेपद ही वस्तूच किती स्वस्त झाली, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

त्या अंतिम सामन्यात जिंकलेला इंडियाना हा या युक्तिवादाला उत्तर म्हणून दाखविला जातो. फुटबॉलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिलेला संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता होतो, मग दार बंद कुठे आहे, असे विचारता येईल. आक्षेप वजनदार आहे. पण इंडियाना बिग टेनचा जुना सभासद आहे. प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील पूर्ण वाटा त्याला घरबसल्या मिळतो. घरातल्या धाकट्या भावाचा उत्कर्ष झाला, ही आनंदाची गोष्ट. त्यावरून घराबाहेरच्यांना दार उघडे आहे, असे सिद्ध होत नाही.

मागे राहिलेले

घराबाहेरच्यांची स्थिती पाहावयाची तर कॉर्व्हॅलिसचे ऑरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट या दोन सार्वजनिक विद्यापीठांकडे पाहावे. दहा सभासद निघून गेल्यावर पॅसिफिक कॉन्फरन्समध्ये हे दोघेच उरले. हक्काच्या जागेसाठी कॉन्फरन्सला किमान आठ सभासद लागतात. त्यामुळे २०२४ व २०२५ मध्ये या दोघांना विजेतेपदाची वाटच उरली नाही. त्यांच्या खेळाडूंनी काही गमावले होते असे नाही. त्यांची गावे लहान होती आणि जाहिरातदारांना हवे असलेले प्रेक्षक मोठ्या शहरांत होते. नवे सभासद जमवून २०२६ पासून ही कॉन्फरन्स पुन्हा उभी करण्याचा घाट या दोघांनी घातला, ही त्यांच्या चिकाटीची गोष्ट. पण जुने स्थान त्यामुळे परत मिळत नाही.

येथे धडा स्पष्ट होतो. बाद फेरीच्या जागा ही वाढविता येणारी संपत्ती नव्हे. एकाला मिळालेली जागा दुसऱ्याची गेलेली असते. अशा वस्तूसाठी प्रत्येक जण स्वतःपुरता शहाणपणाने वागला, तरी सर्वांची मिळून संधी तसूभरही वाढत नाही. वाढतो तो खर्च: न्यू जर्सीच्या रटगर्सशी खेळावयास लॉस एंजेलिसच्या विद्यार्थ्यांनी सारा देश ओलांडावयाचा, आणि ज्या खेळांना दूरचित्रवाणी विचारीत नाही त्या खेळांच्या विद्यार्थ्यांनीही ओलांडावयाचा. त्यात भर म्हणजे, २०२६ पासूनच्या बाद फेरीचे स्वरूप ठरविण्यात निर्णायक आवाज बिग टेन व साउथईस्टर्न या दोघांनीच पदरात पाडून घेतला आहे. खेळणारे आणि नियम करणारे एकच झाले की नियम कोणाच्या सोयीचे होतात, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

उपाय अवघड नाहीत. जवळपासच्या संघांचे लहान गट, त्यांत सर्वांचे सर्वांशी सामने, आणि गटविजेत्याला निरपवाद जागा, एवढे केले तरी समितीच्या मर्जीचा भाग बराच कमी होईल. ते होण्याची चिन्हे दिसत नाहीत, कारण त्यात प्रक्षेपणाचा भाव उतरण्याचा संभव आहे. पुलमनच्या मैदानावर सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला चांगले खेळून वर जाता येईल की नाही, हे जोवर त्याच्या गावाच्या लोकसंख्येवर ठरत राहील, तोवर त्या स्पर्धेला विद्यापीठीय म्हणावे काय, याचा विचार अमेरिकेतील विद्यापीठांनीच केला पाहिजे.