रोपांची खोली आणि हवेतील ओलावा





गेल्या उन्हाळ्यात आपल्या शाळेच्या रोपांच्या खोलीतील हंसराजाच्या सात कुंड्यांपैकी पाच वाळून गेल्या, हे बहुतेकांना ठाऊक आहे. ही खोली म्हणजे प्रयोगशाळेला लागून असलेली जुनी सामानाची खोली. उत्तरेला एक खिडकी, दोन ट्यूबलाइट, भिंतीला लागून लोखंडी मांडण्या. मुलांनी स्वतःच्या हाताने लावलेली रोपे डोळ्यांदेखत तपकिरी झाली तेव्हा आम्ही माळीकाकांना चार लोकांसमोर बोललो. पाणी वेळेवर घातले जात नाही, असे आमचे म्हणणे होते. काका एवढेच म्हणाले, "रोज घालतो, माती हात लावून बघा." आम्ही हात लावून पाहिला नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर कुंड्या रिकाम्या केल्या, तर माती तळापर्यंत ओली होती आणि मुळे कुजलेली होती. म्हणजे काका खरे बोलत होते. उलट आमच्या सांगण्यावरून त्यांनी नंतर जास्तच पाणी घातले आणि उरलासुरला जीवही गेला. काकांची आम्ही क्षमा मागितली आहे. चार लोकांसमोर बोललो होतो, म्हणून इथे सर्वांसमोर लिहीतही आहोत. पण मुलांचा प्रश्न बाकी राहिला : मातीत पाणी असताना रोप वाळते कसे?

उत्तर हवेत आहे. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे याला 'नमी' म्हणत. मराठीत आर्द्रता म्हणा, ओलावा म्हणा. पानांना अतिशय बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून रोप सतत वाफ बाहेर सोडते आणि त्या ओढीने मुळांतून पाणी वर चढते. हवा कोरडी असली की ही ओढ फार वाढते. पानातून जितके जाते तितके मुळे पुरवू शकत नाहीत, मग आधी पानांची टोके आणि कडा करपतात. हंसराजाचे पान तर कागदापेक्षा पातळ. ओढ्याच्या काठी, विहिरीच्या आतल्या दगडांत वाढणारे हे झाड. त्याला आपण एप्रिलच्या हैदराबादेत आणून ठेवले.

आता हैदराबादची हवा पाहू. आपले शहर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर आहे. हवा जितकी गरम तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. २० अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. समजा पहाटे २५ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ६० टक्के आहे. तीच हवा दुपारी ४० अंशांपर्यंत तापली तर आर्द्रता सुमारे २७ टक्के होते. वाफ कुठे गेली नाही, फक्त भांडे मोठे झाले. म्हणून सकाळी टवटवीत दिसणारे रोप दुपारी तीनला मान टाकते. मुंबईचे नातेवाईक 'आमच्याकडे तर नेचे गॅलरीत आपोआप वाढतात' असे सांगतात, त्यात त्यांचे कौशल्य थोडे आणि समुद्राचे जास्त असते.

ओलावा मोजल्याशिवाय वाढवायला जाऊ नये. यासाठी महाग यंत्र लागत नाही. आठवीच्या मुलांनी प्रयोगशाळेतले दोन सारखे तापमापक घेतले, एकाच्या फुग्याला मलमलची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्यात सोडले. ओल्या फुग्यावरून पाणी उडते, उडताना उष्णता घेऊन जाते, म्हणून तो तापमापक कमी दाखवतो. माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. दोघांत फरक जितका मोठा तितकी हवा कोरडी. पहिल्या दिवशी दुपारी कोरडा तापमापक ३५ अंश आणि ओला २२ अंश दाखवत होता. तक्त्यात पाहिले तर आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास. हंसराजाला निदान ६० तरी हवी.

मग उपाय सुरू झाले. पालकांनी सुचवलेले सर्व आम्ही करून पाहिले. पानांवर पिचकारीने पाणी मारले; तापमापकातला फरक पाऊण तासाच्या आत पुन्हा होता तिथे आला. खड्यांनी भरलेल्या ताटलीत पाणी ओतून त्यावर कुंडी ठेवायची पद्धत सर्वांना आवडते, पण तिचा परिणाम कुंडीच्या अगदी जवळ आणि अगदी थोडा असतो. कुंड्या दाटीने एकत्र ठेवल्याचा फायदा जरा जास्त दिसला, कारण एकाची वाफ दुसऱ्याला मिळते. कूलरने आर्द्रता झपाट्याने वाढते हे खरे, पण त्याला दिवसाला कित्येक लिटर पाणी लागते. ज्या महिन्यात शाळा टँकर मागवते त्या महिन्यात झाडांसाठी कूलर चालवणे आम्हांला पटले नाही. वाफेचे विजेवरचे छोटे यंत्र विकत घ्यावे असा एक अर्ज विश्वस्त मंडळापुढे होता. ते यंत्र पाण्याचे सूक्ष्म तुषार उडवते. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्याबरोबर उडून पानांवर पांढरी पूड बसते, हेही लक्षात घ्यावे लागते.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने हिशेब मांडला, तो आम्हांला फार आवडला. खोली १० फूट बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ३४ अंशांना आर्द्रता २८ वरून ६० टक्क्यांवर न्यायला पाणी किती हवे? सुमारे ४०० ग्रॅम. अर्धा लिटरसुद्धा नाही! सगळा वर्ग हसला, कारण आम्ही बादल्या ओतत होतो. मग ओलावा टिकत का नव्हता? दाराखालच्या फटीतून आणि खिडकीतून खोलीतली हवा पुन्हा पुन्हा बदलत होती, दर वेळी नवी कोरडी हवा. पाणी वाढवण्यापेक्षा जागा लहान करणे आणि वारा अडवणे हा खरा उपाय.

आपल्या लोकांना हे फार आधीपासून माहीत आहे. मिरज तालुक्यातले पानमळे ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवेल. विड्याचा वेल हा मुळात दमट जंगलातला. त्याच्यासाठी शेतकरी शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा अशी झाडे दाट लावतात. ती वेलाला आधारही देतात, सावलीही देतात. वारा आत शिरत नाही, थोडे थोडे पाणी वारंवार दिले जाते, आणि बाहेर रणरणते ऊन असताना मळ्यात पाऊल टाकताच अंगाला गारवा लागतो. बुंदेलखंडात महोब्याला पावसाळा सोडला तर हवा आपल्यापेक्षाही कठोर. तिथे चौरसिया समाजाचे लोक बांबू आणि गवताने चारही बाजूंनी आणि वरून बंद केलेली झोपडीवजा वाडी उभी करतात. तिला 'बरेजा' म्हणतात. काच नाही, वीज नाही, तरी ती झाडांची बंद खोलीच आहे. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ मध्ये झाकणाच्या बाटलीतल्या मातीत नेच्याचे रोप उगवलेले दिसले, त्यावरून काचेच्या बंद पेट्या निघाल्या, आणि अशाच पेट्यांतून पुढे चीनमधील चहाची रोपे जहाजाने भारतात आली.

आम्हीही तेच केले. मांडणीच्या एका भागाला, ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि ४ फूट उंच, पारदर्शक प्लास्टिकचा पडदा लावला. एवढ्या जागेत वर सांगितलेला फरक पाडायला सुमारे ११ ग्रॅम पाणी पुरते, म्हणजे चहाचे दोन चमचे. ते तर ओली माती आणि रोपे स्वतःच देतात. पहिल्या आठवड्यात आतली नोंद कोरडा २९, ओला २३ अशी आली, म्हणजे आर्द्रता ६० टक्क्यांच्या जवळ.

मात्र बंद करून विसरून जाता येत नाही. ओलावा ९० टक्क्यांवर राहिला आणि हवा हलली नाही की पानांवर थेंब बसतात, बुरशी येते. पानमळ्यातही पावसाळ्यात मर आणि पानकुज हेच मोठे संकट असते. म्हणून रोज सकाळी अर्धा तास पडदा वर करायचा. दुसरे, पाण्याच्या ताटल्या. डासाला अंड्यापासून उडायला सात-आठ दिवस पुरतात, आणि डेंग्यू आपल्या शहरात दरवर्षी येतो. ज्या शहरात, सिकंदराबादेत बेगमपेठला, रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, तिथल्या शाळेने आपल्याच खोलीत डास वाढवणे शोभत नाही! दर चौथ्या दिवशी ताटली रिकामी करून, घासून, पुसून मगच पुन्हा भरावी.

तिसरी गोष्ट वेलाची. पडद्याआड आता नागवेलीच्या कांड्या रुजल्या आहेत आणि मुले त्या घरी नेण्याची घाई करीत आहेत. जळगावला जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळांत बाटलीत वाढवलेली केळीची रोपे थेट शेतात जात नाहीत. बाटलीतल्या दमट हवेत त्यांच्या पानांवर मेणाचा थर नीट तयार झालेला नसतो, रंध्रे वेळेवर मिटत नाहीत. त्यांना आधी दमट हरितगृहात ठेवून काही आठवडे ओलावा हळूहळू कमी करतात. आपल्यालाही पडदा रोज थोडा थोडा जास्त वेळ उघडा ठेवून, दोन-तीन आठवड्यांनीच कुंडी बाहेर काढायची आहे.

बियाण्यांचे मात्र याच्या उलट असते, तेव्हा शाळेची बियांची डबी कृपया या पडद्याआड कुणी ठेवू नये. आपल्या जवळच पाटणचेरूला इक्रिसॅटमध्ये साठवणीआधी बियाणे १५ अंश तापमानात आणि फक्त १५ टक्के आर्द्रतेत सुकवतात.

विजेच्या यंत्राचा अर्ज आम्ही मागे घेतला आहे. प्लास्टिक, दोऱ्या आणि चिमटे मिळून जो खर्च झाला तो विज्ञान मंडळाच्या वहीत लिहिला आहे. वाचलेल्या दोन हंसराजांना नवी पाने फुटली आहेत, काळ्या चकचकीत देठांची. एप्रिलच्या अखेरीस सुट्टी लागेल तेव्हा माळीकाका पंधरा दिवस गावी जाणार आहेत. त्या दिवसांत सकाळी पडदा उघडायला, ताटल्या धुवायला आणि दोन्ही तापमापकांची नोंद घ्यायला जवळपास राहणारे चार विद्यार्थी हवेत. पालकांच्या संमतीने नावे कार्यालयात द्यावीत. पाणी किती घालायचे हे काका त्यांना जाण्याआधी दाखवतील, आणि या वेळी आम्हीही मातीला हात लावून शिकणार आहोत.