१५० वर्षे जुन्या कायद्याने घडवलेली पोटनिवडणूक

उत्तर आयर्लंडमधील पश्चिम बेलफास्टमध्ये २९ नोव्हेंबर १९५० रोजी ब्रिटिश संसदेच्या हाऊस ऑफ कॉमन्ससाठी पोटनिवडणूक झाली. रिंगणात दोघेच होते : ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे थॉमस टीव्हन आणि आयरिश लेबरचे जॅक बीटी. जागा रिकामी झाली होती ती कुणाच्या निधनाने वा राजीनाम्याने नव्हे, तर १८०१ सालच्या एका कायद्यामुळे.

त्या साली जॉन हॉर्न टूक हे धर्मदीक्षा घेतलेले जहाल राजकारणी कॉमन्समध्ये निवडून आले. असा माणूस पुन्हा सभागृहात येऊ नये म्हणून सरकारने धर्मगुरूंना खासदारकीची बंदी घालणारा कायदा केला. बंदी मोडून जितके दिवस सभागृहात बसावे, तितके दिवस दररोज ५०० पौंड दंड! हाच कायदा फेब्रुवारी १९५०च्या सार्वत्रिक निवडणुकीत याच जागेवर बीटींना हरवून आलेल्या युनियनिस्ट जेम्स मॅकमॅनवे यांना नडला. ते चर्च ऑफ आयर्लंडचे धर्मगुरू होते. या चर्चचा राजाश्रय १८७१ मध्येच संपला होता आणि मॅकमॅनवे यांनी चर्चमधले पदही सोडले होते. तरीही दीक्षा झालेली आहे, तेवढे अपात्रतेला पुरेसे, असा निर्वाळा प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने दिला. ऑक्टोबरमध्ये कॉमन्सने जागा रिक्त ठरवली. पंतप्रधान ॲटलींच्या मजूर सरकारचे बहुमत तेव्हा अवघ्या पाचांचे होते. विरोधी बाकावरचा एकेक माणूस मोलाचा होता.

मतदारसंघात कॅथलिकांचा फॉल्स रोड होता, तसाच प्रोटेस्टंटांचा शँकिलही. दोन्हीकडचे लोक जवसाच्या धाग्यांवर चालणाऱ्या लिनन गिरण्यांत राबणारे. मजुरी, घरे, बेकारी हे प्रश्न दोघांचेही. बीटी स्वतः प्रोटेस्टंट कामगार नेते. बेकारांच्या प्रश्नावर बोलू दिले जात नाही म्हणून १९३२ मध्ये त्यांनी उत्तर आयर्लंडच्या संसदेत सभापतींपुढचा राजदंड उचलून जमिनीवर फेकला होता. १९४३ची पोटनिवडणूक जिंकून त्यांनी हीच जागा युनियनिस्टांकडून घेतली होती.

पण १९४९ मध्ये आयर्लंड प्रजासत्ताक झाले आणि उत्तर आयर्लंडच्या लेबर पक्षाने आयर्लंडची फाळणी मान्य केली. फाळणीविरोधी बीटी आयरिश लेबरच्या झेंड्याखाली उभे राहिले. त्यामुळे लेबर विरुद्ध युनियनिस्ट अशी दिसणारी ही लढत प्रत्यक्षात फाळणीच्या सीमेवरचा कौल ठरली. एकाच गिरणीत काम करणाऱ्यांनी मते मात्र आपापल्या वस्तीप्रमाणे दिली. कामगार चळवळीचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

तेवीस वर्षांचे वकील टीव्हन ९१३ मतांनी निवडून आले. मॅकमॅनवे यांना दंडातून सोडवण्यासाठी १९५१ मध्ये संसदेला त्यांच्या नावाचा खास कायदा करावा लागला. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत बीटी आणि टीव्हन पुन्हा समोरासमोर आले. या वेळी बीटी जिंकले, तेही केवळ २५ मतांनी. १९५५ मध्ये मात्र ही जागा युनियनिस्टांच्या पॅट्रिशिया मॅकलॉफलिन यांच्याकडे गेली.

१८०१चा कायदा त्यानंतरही पुस्तकात कायम राहिला. माजी कॅथलिक पाद्री डेव्हिड केर्न्स यांना लेबरने उमेदवारी दिली, तेव्हा कुठे २००१ मध्ये संसदेने तो रद्द केला.